खेळघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'रोम : टोटल वॉर' या संगणकावरच्या युद्धखेळात मी पार्थिया (प्राचीन इराणी राज्य) घेतो. घोडेस्वार तिरंदाज गोल फिरवत ठेवले की रोमन सैन्य नुसतं मार खातं. सगळ्यांत अवघड पातळीवरही तेच! ही लबाडी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लबाडी कसली? इ.स.पू. 53 मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत पार्थियाचा सेनापती सुरेना यानं रोमन सेनापती क्रॅससच्या सैन्याचं हेच तर केलं. सुरेनामागं बाण लादलेले उंट होते, त्याला बाणांची ददात नव्हती. खेळात तुमचे भाते मात्र रिकामे होतात. म्हणजे हिशेबात तुम्हीच तोट्यात.

मला खटकतो तो संगणकाचा सेनापती. स्वतःच घोडं दामटत भाल्यांच्या रांगेत घुसतो, मरतो, आणि मागचे पळत सुटतात. वेढ्यात तर विचारूच नका. दरवाजा फोडायला आणलेला त्याचा ओंडका पेटत्या बाणांनी जाळा, की गडी तटाखाली बाण खात उभा! माघार घ्यावी हे त्याला सुचतच नाही. अवघड पातळी निवडली तरी अक्कल वाढत नाही, फक्त त्याच्या सैनिकांचे घाव जड होतात. गाढवावर झूल घातली, इतकंच.

मी घरचे नियम लावतो. घोडेस्वार तिरंदाजांच्या दोनच तुकड्या, बाकी पायदळ. लढाई थांबवून हुकूम द्यायचे नाहीत. आणि सेनापतीला मुद्दाम टिपायचं नाही. तो आपणहून भाल्यांवर आला तर मात्र माझा इलाज नाही. आणि येतोच हो तो! पार्थियाऐवजी एकदा न्यूमिडिया (उत्तर आफ्रिकेतलं प्राचीन राज्य) घेऊन बघा. तिथं हलकं सैन्य आणि शेजारी कार्थेज, घाम निघेल.