डेटा विकत घ्या म्हणणारं पत्र निघालं कधी?

प्रश्न : आमची सोसायटी नागपुरात नाग नदीकाठी आहे. सप्टेंबर २०२३ च्या पुरात तळमजले बुडाले. परिसराचा उंचसखलपणा दाखवणारा सर्वेक्षण डेटा माहिती अधिकारात एका सरकारी संस्थेकडे मागितला. 'दरपत्रकाप्रमाणे शुल्क भरून डेटा घ्यावा' एवढंच उत्तर आलं. त्याला सात महिने झाले. लिफाफा ठेवलेला नाही. जनतेच्या पैशातला डेटा जनतेलाच विकता येतो का?
– सचिव

उत्तर : सचिवसाहेब, तुमच्यासारखी पत्रं सतत येतात आणि लिफाफा कुणाकडेच नसतो. पत्रावर तारीख कुठलीही टाकता येते. मला हवा होता पोस्टाचा शिक्का.

उत्तराची मुदत ३० दिवस. जादा शुल्क मागायचं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(३) प्रमाणे रक्कम, तिचा हिशेब आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत, हे पत्रात लागतं. तसं पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात. पत्र ३० दिवस उलटल्यावर निघालं असेल, तर कलम ७(६) खाली माहिती फुकट मागता येते. म्हणून आधी त्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीतलं ते पान मागा. पानाच्या प्रतीचे दोन रुपये लागतात.

पत्र मुदतीत निघालं असेल तर हिशेब नसल्याचा मुद्दा उरतो. तो चांगला आहे, पण हमी देत नाही. दरपत्रकामागे कायदा किंवा नियम असला तर त्यांची बाजू जड. कंपनी निबंधकांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसाच कौल दिला होता. नुसतं परिपत्रक असेल तर माहिती अधिकार कायद्याला वरचढ ठरवणारं कलम २२ आपल्या बाजूने. तेव्हा दरपत्रकाचा शासन निर्णयही मागा. अशा संस्थांना इतर खात्यांची कामं घेऊन आणि डेटा विकून खर्च भागवावा लागतो. त्यात मला लबाडी दिसत नाही. जनतेच्या पैशातला भूस्थानिक, म्हणजे नकाशा-सर्वेक्षणाचा, डेटा सहज मिळावा म्हणणारी केंद्राची फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं अपिलाला जोडा, पण त्यांच्यावर विसंबू नका.

सात महिने मात्र तुमचे. प्रथम अपील ३० दिवसांत करायचं होतं. पत्रात अपिलीय अधिकाऱ्याचा उल्लेख नसेल, तर विलंबमाफीसाठी तेच कारण द्या. सोसायटीची सभा झाली नव्हती हे कुणी ऐकणार नाही. सोबत नवा अर्जही टाका : एकच विषय, १५० शब्दांच्या आत. सगळा भरवसा जुन्या अपिलावर ठेवलात आणि प्रकरण माहिती आयोगापर्यंत गेलं, तर मधे आणखी एखादा पावसाळा निघून जाईल.

निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जलसंपदा विभागाकडे वेगळ्या अर्जाने मागा. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उंचीचा डेटा फुकट आहे, पण ३० मीटरच्या चौकटीत तुमच्या गल्लीचा उतार दिसणार नाही. वायुसेनानगर जवळ असल्याने सुरक्षेचं कारणही पुढे येऊ शकतं. तसं झालं तर कलम १० दाखवा : तेवढा भाग झाकून बाकीचा देता येतो.