‘द्या काय द्यायचं ते’

‘शिक्षण अर्धवट, हातात पैसा नाही, वय वीस, आणि म्हणे धंदा करायचाय.’ मुलुंडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं सुरुवात केली की पुढचं मीच पूर्ण करू शकते. आई सोबत असली की शेवटी ‘समजवा त्याला’ असतं. मुलगा एकटा आला की तेच वाक्य ‘कसं होणार, मॅडम?’वर संपतं. मुलीही येतात, त्यांच्या बाबतीत मध्ये लग्नाचा विषय घुसतो, पण मूळ काळजी तीच.

या सगळ्यांना एकदम उत्तर द्यायचं तर मला ओंकार आठवतो. नाव अर्थात बदललंय, ओळखीच्या खुणाही पुसल्यात आणि लिहायची परवानगी त्याच्याकडून घेतलीय.

ओंकार भांडुपचा. वडील कंडक्टर होते, आता निवृत्त. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षी चार विषय राहिले, केटी सुटेनात, शेवटी कॉलेजच सोडलं. मग दोन वर्षं एका एसीवाल्या उस्तादांच्या हाताखाली. आता स्वतःचं काम सुरू करायचं होतं. म्हणजे आठ महिने नुसतं ‘करायचंय’ चाललं होतं. जेवण कमी झालेलं, रात्रभर मोबाइल. जानेवारीतल्या एका शनिवारी आई त्याला घेऊन आली.

माझ्या खोलीतला एसी तेव्हा ठिबकायचा, खाली मी निळी बादली ठेवलेली. पहिली वीस मिनिटं ओंकार ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यापलीकडे गेला नाही. मग बादलीकडे बघत म्हणाला, ‘‘ड्रेन तुंबलाय, मॅडम. दहा मिनिटांचं काम आहे.’’ आणि चक्क उठायला लागला.

मी त्याला बसवलं. समोरच्या क्लायंटकडून आपलं काम करून घ्यायचं नाही, हा आमच्यातला साधा नियम. (मोह झाला होता, खोटं का बोलू?) पण एक गोष्ट मनात टिपून ठेवली. त्या अख्ख्या तासात त्यानं खात्रीनं उच्चारलेलं वाक्य हे एकच होतं.

पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला. गाळ्याचं डिपॉझिट १,२०,०००. जुनी स्कूटर ४५,०००. हत्यारं ३८,०००. बोर्ड, कार्डं, नाव छापलेले टी-शर्ट १२,०००. वरखर्चाला २५,०००. एकूण २,४०,०००. जवळ होते १९,०००. पानाच्या तळाशी त्यानं वजाबाकी केली होती आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. परीक्षेत मारतात तशा.

‘‘आधी गाळा पाहिजेच, मॅडम. सर्टिफिकेट तर पाहिजेच. आणि पाच-सहा महिन्यांचा खर्च हाताशी असलाच पाहिजे. नाहीतर लोक हसतीलच.’’

मी ज्या विचारांच्या घराण्यात शिकले त्याचे मूळपुरुष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी आपण स्वतःशी काय बोलतो, त्यानं माणूस जास्त बेजार होतो, असं मांडत त्यांनी १९५५ च्या सुमाराला आपली पद्धत उभी केली. ‘असंच झालं पाहिजे’ या हट्टाशी त्यांचं मुख्य भांडण. इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ असा अख्खा शब्द लागतो. आपल्याकडे एक ‘च’ पुरतो. मराठी माणसाच्या मनात शिरायचं असेल तर त्याचे ‘च’ मोजा, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. ओंकारच्या त्या चार वाक्यांत मी चार मोजले.

पण मोजून काय होतं? त्या दिवशी मी एक चूकही केली. उत्साहाच्या भरात त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागलेला माणूस. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होता, तिथे बढती डावलली गेली, तर बेळगावला जाऊन सायकली विकू लागला. पुढे लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विष होतं. ओंकारनं सगळं नीट ऐकून घेतलं.

‘‘ते किर्लोस्कर होते, मॅडम.’’

बरोबरच होतं त्याचं. मोठ्या माणसाची गोष्ट ऐकून बुजलेल्या मुलाच्या यादीत आणखी एका ‘च’ची भर पडते: मलाही तसंच जमलं पाहिजे. तेव्हापासून या गोष्टी मी सभांमध्ये सांगते, खोलीत नाही.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, ‘‘उस्तादांशिवाय, एकट्यानं किती एसी धुतलेस आजवर?’’

त्यानं बोटांवर मोजलं. चाळीतल्या देशपांडे काकू, मावशीच्या बिल्डिंगमधले तीन, मित्राचं ट्युशन क्लासचं ऑफिस... ‘‘चौदा. नाही, पंधरा.’’

‘‘आणि मिळाले किती?’’

‘‘असं काही... चहा दिला सगळ्यांनी. ट्युशनवाल्या सरांनी दोनशे दिले होते, ते मी परत केले.’’

‘‘का?’’

‘‘डिप्लोमा नाही ना माझा. कुठल्या तोंडानं मागायचे?’’

इथं मी गप्प बसले. बादलीत थेंब पडत होता तो ऐकू येत होता. आठ महिने जो धंदा ‘सुरू व्हायचाय’ म्हणून घरात रडारड चालली होती, तो पंधरा एसी आधीच सुरू झाला होता! फक्त त्यात गल्ला नव्हता. दोन लाख चाळीस हजारांची यादी ही धंद्याची यादी नव्हतीच. गाळा, बोर्ड, छापील टी-शर्ट ही सगळी स्वतःच्या तोंडानं भाव सांगावा लागू नये म्हणून केलेली तजवीज होती. बोर्ड बोलेल, मला बोलायला नको.

‘‘बरं,’’ मी म्हटलं, ‘‘मी देशपांडे काकू. तू एसी धुऊन दिलास. मी विचारते, किती झाले रे?’’

तो हसला. मग खाली बघत म्हणाला, ‘‘द्या काय द्यायचं ते, काकू.’’

‘‘परत. रक्कम सांग.’’

‘‘सहाशे... म्हणजे तसं सहाशे घेतात, पण तुम्ही द्या काय ते.’’

‘‘परत.’’

सात वेळा केलं. पाचव्या वेळी ‘सहाशे’ स्पष्ट आलं, पण त्यामागोमाग लगेच सारवासारव. सहाव्या वेळी तो चिडला. सातव्या वेळी म्हणाला, ‘‘सहाशे रुपये झाले, काकू,’’ आणि ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम, जानेवारीत, एसी चालू असताना. ती चार-पाच सेकंदांची शांतता सोसायला शिकणं, माझ्या मते त्याच्या सगळ्या हत्यारांहून मोलाचं होतं.

‘द्या काय द्यायचं ते’ हे आपल्याकडे सभ्यपणाचं वाक्य समजतात. मी त्याला तसं समजत नाही. त्यात आपली किंमत ठरवायचं काम आपण समोरच्यावर टाकतो आणि नंतर त्यानं कमी दिलं म्हणून घरी येऊन कुढतो. मला हे पुस्तकातून कळलं नाही. नोकरी सोडून मी स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पहिल्या क्लायंटला मी हेच म्हटलं होतं. त्यांनी पन्नास रुपये आणि एक नारळ दिला. ओंकारला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. ‘‘नारळ?’’ किर्लोस्करांनी जे साधलं नाही ते त्या नारळानं साधलं.

मग आम्ही वही परत उघडली. गाळा कापला; एसी दुरुस्त करायला गिऱ्हाईक गाळ्यात येत नाही, कारागीर घरी जातो. स्कूटर कापली, लोकल आणि शेअर रिक्षा आहेत. सुरुवातीला फक्त सर्व्हिसिंग करायचं, गॅस आणि पीसीबीची (आतल्या सर्किट बोर्डाची) कामं उस्तादांकडे पाठवायची, असं त्यानं स्वतःच ठरवलं. मग लागतं काय? जेट पंप, पाणी गोळा करायचं कव्हर, क्लॅम्प मीटर, शिडी, पाने-स्क्रूड्रायव्हर. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात दोन दिवस घासाघीस करून ११,५०० मध्ये बसवलं त्यानं.

एका ठिकाणी मात्र मी त्याची भीती अजिबात कमी केली नाही. मुंबईतल्या टॉवरचे आउटडोअर युनिट कुठे लटकवलेले असतात ते बघा. अकराव्या मजल्याच्या छज्ज्यावर उस्ताद पट्टा न बांधता उतरायचे आणि ओंकारला त्याची भीती वाटायची. ‘मी डरपोक आहे’ असं तो तिचं वर्णन करायचा. ती भीती शहाणी आहे, तिच्यासाठी सेफ्टी बेल्ट घे, असं मी निक्षून सांगितलं. वायरिंगचं कामही परवानाधारक वायरमनचंच. तिथे ‘जमतंय की’ चालत नाही. पट्टा बांधायला लावते ती भीती ठेवायची, फोन लावू देत नाही ती तपासायची. दोन्ही छातीत सारख्याच धडधडतात, म्हणून माणूस फसतो.

ज्यांची काळजी कागदांची असते त्यांच्यासाठी इथे थोडं सांगते, कारण समुपदेशन राहू द्या, अर्धी भीती माहिती नसल्यामुळेच असते. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. त्याला पदवी-पदविकेची अट नाही, आणि तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून यावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक-दोन माणसांच्या व्यवसायाला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. मुद्रा कर्जातला ‘शिशु’ गट ५०,००० रुपयांपर्यंतचा आहे, त्याला तारण लागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आठवी पास असण्याची अट येते ती सेवा व्यवसायात ५ लाखांच्या वरच्या आणि उत्पादनात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला. त्याखाली तीही नाही. आणि हाताखाली शिकलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. ते जरूर घ्यावं. पण काम करता करता घ्यावं, ते मिळेपर्यंत थांबू नये.

कर्जाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. दहा अनोळखी गिऱ्हाइकांकडून पैसे घेतल्याशिवाय कर्ज काढू नये. ओंकारची आई बांगड्या मोडायला निघाली होती. मी तिला म्हटलं, त्या बांगड्यांचं ओझं त्याच्या मनगटावर येईल, मग तो शिडी कशी चढणार? तिला राग आला. पण बांगड्या राहिल्या.

फेब्रुवारीत मी त्याला गृहपाठ दिला: अनोळखी वीस घरी विचारायचं, भाव सांगायचा. त्याआधी एलिसची एक गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायची भीती घालवायला तो न्यूयॉर्कच्या एका बागेत रोज जाऊन बसायचा आणि महिन्याभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलला. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. ओंकारला ही गोष्ट भयंकर आवडली. असली माणसं चालतात त्याला, मोठी नाहीत.

निकाल काही सिनेमासारखा लागला नाही. तीन सोसायट्यांच्या वॉचमननी आतच सोडलं नाही. तो अडथळा खरा होता, मनातला नव्हता, आणि त्यावर उपाय म्हणजे आतल्याच कुणाची ओळख काढणं. एका आजोबांनी भाव पाडून साडेतीनशेला काम करून घेतलं आणि हा कबूल झाला. आठ-नऊ जणांनी दारातूनच ‘नको’. चार कामं मिळाली.

‘‘सर्टिफिकेट कितीजणांनी विचारलं?’’

‘‘एकाच काकूंनी.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं, नाही काकू, डिप्लोमा अर्धवट सुटला. दोन वर्षं हाताखाली काम केलंय, आवडलं नाही तर पैसे देऊ नका.’’ तो थांबला. ‘‘त्या म्हणाल्या, बरं, चपला बाहेर काढ, आत्ताच लादी पुसलीय.’’

आठ महिने ज्या प्रश्नाला घाबरून तो झोपला नव्हता, त्याचं उत्तर ऐकून काकूंना लादीची काळजी पडली होती. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. अशा एखाद्या मिनिटासाठी मी या खुर्चीत बसते, एवढं सांगायला हरकत नाही. ‘आवडलं नाही तर पैसे देऊ नका’ हे मात्र त्याला सोडायला लावलं. ते ‘द्या काय ते’चंच सख्खं भावंड.

मार्चपासून उन्हाळा लागला तशी कामं वाढली, भेटी कमी झाल्या. आठव्या भेटीनंतर आम्ही थांबलो. पावसाळ्यात काय करणार, हा प्रश्न त्याच्यापुढे अजून आहे. वर्षाच्या कराराची कामं घ्यायला तो लाजतो, कारण तिथे रक्कम मोठी सांगावी लागते.

मे महिन्यात त्याच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला.

‘‘मॅडम, तुम्ही काय शिकवलंत त्याला? काल सख्ख्या मामाचा एसी धुतला आणि सहाशे रुपये मागितले हो! माझ्या माहेरी तोंड दाखवायची सोय ठेवली नाही.’’

‘‘मामांनी दिले?’’

‘‘दिले. वर चहा पाजला.’’