बाबा नेव्हीतले, कागदावर आईचं नाव वेगळं

प्रश्न: बाबा नेव्हीतून रिटायर होऊन सिन्नरला शेती बघतात. सर्व्हिसच्या कागदांवर आईचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर लग्नात बदललेलं, पुढे फॅमिली पेन्शन अडकेल का? बाबा म्हणतात, बघू नंतर. - एक लेक, नाशिक

उत्तर: अडकू शकते, आणि ते 'बघू नंतर' अजिबात ऐकू नका, आत्ता बाबा स्वतः सही करू शकतात, नंतर सगळी धावपळ आईच्या गळ्यात. लग्नाचा दाखला, दोघांचं आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते विचारा. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते म्हणजे कमी नाही हो. हयातीचा दाखला दरवर्षी द्या, आणि 'स्पर्श'वर (सैन्यदलांच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) जुना बंद पडलेला मोबाईल नंबर असेल तर आधी तो बदला, ओटीपी त्यावरच जातो.