डोक्यात एका मोठ्या गेमची कल्पना आहे. ती चोरीला न जाऊ देता एकट्याने गेम डेव्हलपर म्हणून सुरुवात कशी करावी? कुठलं इंजिन शिकू?

इंजिनाचं, म्हणजे ज्यात गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरचं, आधी उरकते. गोडो घ्या. फुकट आहे, एमआयटी लायसन्स या मोकळ्या परवान्याखाली खुलं आहे, उद्या कुणी अटी बदलल्या म्हणून तुमचा गेम अडकणार नाही. सप्टेंबर २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने गेमच्या इन्स्टॉलमागे फी आकारायचं जाहीर केलं, तेव्हा कितीतरी जणांचे अर्ध्यावर आलेले गेम एका रात्रीत टांगणीला लागले. वर्षभराने ती फी मागे घेतली, पण तेवढ्यात लोकांचा जायचा तो विश्वास गेला. बाकी गाजलेले गेम कशातही होतात: अंडरटेल गेममेकर या इंजिनात झाला, बलाट्रो लुआ भाषेत लव्ह नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार कोडच्या सांगाड्यावर झाला. इंजिनांची तुलना करणारे व्हिडिओ बघण्यात महिना घालवू नका.

मी लिहायला बसले ते तुमच्या ‘चोरीला न जाऊ देता’ या शब्दांमुळे.

माझा एक भागीदार होता, त्याचंही हेच. आम्ही एक प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, करत होतो. कोड माझा, चित्रं आणि कथा त्याची. चित्रं देखणी होती, हे मी आजही म्हणेन. पण पूर्ण होईपर्यंत गेम कुणाला दाखवायचा नाही, कुणीतरी उचलेल, हा त्याचा हट्ट. मी म्हणायचे, उचलण्याजोगं काही झालंय का ते तरी कळू दे. शेवटी ओळखीतल्या एका मुलीला खेळायला बसवायला तो तयार झाला, तेही आधी गोपनीयतेच्या कागदावर तिची सही घेऊन.

ती पहिल्याच दरीत पडली. पुन्हा पडली, पुन्हा पडली. कड्याच्या टोकाशी ती बटण दाबत होती, पण त्याच्या एखाद-दोन फ्रेम (पडद्यावर झरझर बदलणारी एकेक चित्रं) आधीच पात्राचे पाय सुटलेले असायचे. पायाखाली जमीन नाही म्हणून उडी नाही. मागून हा म्हणाला, “अगं, जरा आधी दाब ना.” मी त्याला खुणेनेच गप्प केलं. पुढे एका दारापाशी ती घुटमळली, तर हा लगेच ते दार कुणाचं, आत कोण राहतं, हे सांगायला लागला. ती गेल्यावर म्हणाला, “तिला खेळता येत नाही.” मी म्हटलं, “विकत घेणाऱ्याच्या मागे तू उभा नसणारेस.”

त्याच रात्री मी कोडात दोन गोष्टी घातल्या. कड्यावरून पाय सुटले तरी सुमारे एक दशांश सेकंद उडी मान्य करायची. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ६ फ्रेम. याला कायोटी टाइम म्हणतात. आणि जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्यायची. मोजक्या ओळींचं काम. पुढचा खेळणारा ती दरी न अडखळता ओलांडून गेला. त्याला काही बदललंय याचा पत्ताही नव्हता, फक्त कंट्रोल मस्त आहेत म्हणाला. भागीदाराच्या मते ही लबाडी होती, खऱ्या फिजिक्समध्ये असं होत नाही. आमचं तिथेच फाटलं. पुढे त्याच उडीवर मी एकटीने एक छोटा गेम पूर्ण केला आणि विकायला ठेवला. अनोळखी लोकांनी रिव्ह्यूमध्ये आवर्जून त्या उडीबद्दल लिहिलं. मला त्याचा अभिमान आहे.

म्हणून सांगते, चित्रांऐवजी ठेवलेल्या साध्या राखाडी चौकोनांवर धावणारं पात्र झालं की गेम परक्या माणसाच्या हातात द्या, मागे बसा आणि तोंड उघडू नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांच्या आत परत करता येतो. तुमच्या कथेला तिसऱ्या तासाला रंग चढणार असेल, तर तोवर तो माणूस पैसे घेऊन गेलेला असेल.

चोरीचं म्हणाल, तर सेलेस्ट या गाजलेल्या प्लॅटफॉर्मरचं उदाहरण घ्या. त्याचं पहिलं रूप पिको-८ या चिमुकले गेम बनवायच्या साधनावर चार दिवसांत केलेलं होतं, फुकट ठेवलेलं. पिको-८वरच्या गेमचा कोडही कुणालाही उघडून वाचता येतो. पूर्ण गेम जानेवारी २०१८मध्ये आला आणि तो त्याच लोकांचा राहिला. नक्कल होतच नाही असं नाही. थ्रीज हा आकड्यांच्या कोड्याचा गेम फेब्रुवारी २०१४मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात त्याच धाटणीचा २०४८ फुकट मिळायला लागला. पण ती पाळी गेम बाजारात आल्यानंतरची. आधी कितीही लपवलं असतं तरी ती टळली नसती.

मोठी कल्पना वहीत लिहून ठेवा आणि लुडम डेअरसारख्या एखाद्या जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम करायच्या उपक्रमात, एक चिमुकला गेम शेवटापर्यंत न्या. त्यात मेनू, आवाज आणि पॉज, तिन्ही हवेत. नोकरी असेल तर सोडू नका. स्टारड्यू व्हॅली एकट्याने करणारा एरिक बॅरोन त्या काळात थिएटरमध्ये अर्धवेळ काम करत होता. स्टीमवर एका गेमची फी १०० डॉलर आहे, १००० डॉलरची कमाई झाल्यावर ती परत मिळते. गेमचं पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी लावावंच लागतं. तुम्ही कितीतरी महिने आधी लावा, विशलिस्ट, म्हणजे गेम घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची यादी, त्यातूनच जमते.

आणखी एक राहिलं. तुम्हाला स्टुडिओत नोकरीही शोधायची असेल तर युनिटी किंवा अनरिअल येणं उपयोगाचं, आणि कन्सोलसाठी गोडोतला गेम नेताना बहुधा दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते. तेवढ्यापुरतं माझं ‘गोडो घ्या’ हे वाक्य बदलून वाचा.

सहीचा कागद करायचाच असेल तर तो भागीदाराशी करा: कोड कुणाचा, चित्रं कुणाची, आणि एक जण बाहेर पडला तर गेमचं नाव कुणाकडे राहणार. आमच्याकडे खेळणाऱ्यांच्या सह्यांचे कागद होते, हा नव्हता.