सोडणं, संपणं, मोकळं होणं

सप्रेम नमस्कार,

कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) टीसीपी कनेक्शन बंद करणाऱ्या कोडचं रिफॅक्टरिंग, म्हणजे वागणूक न बदलता फेररचना, तुझ्याकडे आलंय, आणि ते लांबलचक फंक्शन बघून तुझे हात शिवशिवताहेत, हे तुझ्या मेलवरून कळलं. त्या कोडला हात लावण्याआधी माझी एक फजिती ऐक.

टीसीपी म्हणजे दोन मशीनमध्ये डेटा खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल. आमच्या टीसीपी मॉड्यूलमध्ये रिसीव्ह क्यू, म्हणजे आलेल्या पण न वाचलेल्या डेटाची रांग, रिकामी करणारं लूप दोन ठिकाणी होतं. एक सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) क्लोज होताना, दुसरं सॉकेटची मेमरी सोडताना. दोन्ही जवळपास सारखी. मी दोन्ही उचलली आणि त्यांचं एक सामाईक फंक्शन, म्हणजे हेल्पर, केला. कोड आटोपशीर झाला, रिव्ह्यूत शाबासकीही मिळाली. पहिल्या लूपमध्ये एक ओळ जास्तीची होती: फेकल्या जाणाऱ्या बफरांत न वाचलेले बाइट किती, याची बेरीज. ती बेरीज कुठे वापरली जाते हे बऱ्याच ओळी खाली होतं. मी तिथवर वाचलंच नाही. हेल्पर काही परत करत नव्हता, त्यामुळे तो आकडा कायमचा शून्य राहिला. कंपायलर गप्प, टेस्ट हिरव्या.

त्या आकड्यावर एक निर्णय लटकलेला होता. शून्य असेल तर फिन पाठवायचं, नसेल तर रीसेट. फिन म्हणजे ‘माझं पाठवून झालं’ असं सांगणारं पॅकेट, रीसेट म्हणजे कनेक्शन तिथेच तोडणारं. क्लोज करताना न वाचलेला डेटा पडून असेल तर रीसेट पाठवावा, म्हणजे डेटा हरवल्याचं समोरच्याला कळेल, असं आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात १९८९ पासून लिहिलेलं आहे. माझ्या कृपेने आमचा कर्नल अशा वेळी अगदी सभ्यपणे फिन पाठवू लागला. घेणारा प्रोसेस अर्ध्यातच मेलेला, आणि पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये ‘यशस्वी’. आमच्या सगळ्या टेस्ट डेटा शेवटपर्यंत वाचून मगच क्लोज करायच्या, म्हणून एकही टेस्ट पडली नाही. टीसीपीडंप हे पॅकेट पकडून दाखवणारं टूल लावून पॅकेट मोजत बसलो तेव्हा कुठे चोर सापडला.

माझं चुकलं ते लूप एकत्र करण्यात नाही. दोन वेगळ्या प्रसंगांना आपण एकच शब्द वापरतो, ‘बंद’, आणि मी त्या शब्दाला भुललो. खरं तर तिथे तीन गोष्टी घडतात. अ‍ॅप्लिकेशन सॉकेट सोडतं. प्रोटोकॉलचं संभाषण संपतं. मेमरी मोकळी होते. या तिन्ही ओळीने एकामागून एक होतात असं वाटतं ना? तसं गृहीत धरलंस की फसलास.

लिनक्समध्येच बघ. अ‍ॅप्लिकेशनने क्लोज केलं, प्रोसेस निघून गेला, तरी फिनची देवाणघेवाण बाकी असते. सॉकेटला कुणी वाली उरत नाही, म्हणून त्याला ‘ऑर्फन’ म्हणतात, आणि कर्नल त्याचं उरलेलं काम उरकतो. उलट प्रकार: समोरून रीसेट आला. प्रोटोकॉल तिथेच संपला, पण अ‍ॅप्लिकेशनच्या हातात डिस्क्रिप्टर (सॉकेटचा क्रमांक) अजून आहे, त्यामुळे मेमरी सोडता येत नाही. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. टाइम-वेटमध्ये, म्हणजे दोन्हीकडची फिन झाल्यावर उशिरा येणाऱ्या पॅकेटांसाठी थांबण्याच्या अवस्थेत, शिरताना लिनक्स मोठं सॉकेट टाकून देतो आणि त्याच्या जागी एक छोटं स्ट्रक्चर ठेवतो, जे ६० सेकंद राहतं. म्हणजे मूळ मेमरी गेली, आणि प्रोटोकॉलच्या दृष्टीने कनेक्शन अजून जिवंत! एवढं एकदा पटलं की ‘क्लीनअप’ नावाचं फंक्शन लिहिताना तुझा हात आपोआप थांबेल. कसलं क्लीनअप, हे नावातच यायला हवं.

एकत्र करण्यासारखं काय असतं, त्याचाही नमुना तिथेच आहे. शटडाउन (वाचण्याची किंवा लिहिण्याची बाजू, किंवा दोन्ही बंद करणं) आणि क्लोज, दोघांनाही ‘आता पुढची स्टेट, म्हणजे कनेक्शनची अवस्था, कोणती आणि फिन पाठवायचं का’ हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर एका छोट्या टेबलमध्ये लिहून ठेवलंय: एस्टॅब्लिश्डवरून (चालू कनेक्शन) फिन-वेट-१ आणि फिन पाठवा, क्लोज-वेटवरून (समोरच्याचं फिन आलेलं) लास्ट-अ‍ॅक आणि फिन पाठवा, सिन-सेंटवरून (कनेक्शन अजून जुळायचं) थेट क्लोज. प्रश्न खरोखर एकच आहे, म्हणून उत्तरही एका जागी. माझ्या दोन लूपांचं तसं नव्हतं, ती फक्त दिसायला सारखी होती.

विचित्र दिसणाऱ्या ओळींबद्दल. शटडाउनच्या वाटेवर, आलेल्या पर्यायात एक मिळवणारी एक ओळ तुला दिसेल. हे काय खूळ, म्हणून उडवू नकोस. ०, १, २ हे पर्याय १, २, ३ झाले की पहिला बिट वाचण्याचा, दुसरा लिहिण्याचा, आणि तीन म्हणजे दोन्ही. कॉमेंट आहे म्हणून हे कळतं. जिथे कॉमेंट नाही तिथे गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमध्ये आली ते) काढ, मूळ कमिटचा मेसेज वाच. निम्म्या ओळींमागे कुणाचा तरी क्रॅश असतो.

टायमरच्या ओळींशी तर अजिबात खेळू नकोस. टायमर चालू करताना सॉकेटचा एक रेफरन्स (‘अजून वापरात आहे’ अशी नोंद) घेतला जातो, थांबवताना सोडला जातो. तू थांबवतोस त्याच क्षणी तो दुसऱ्या सीपीयूवर चालू झालेला असू शकतो. घेणं आणि सोडणं यांची जोडी फुटली की एक तर मेमरी गळते, नाहीतर मोकळ्या झालेल्या मेमरीवर कुणीतरी लिहितं. केएसॅन (KASAN, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं टूल) लावूनच टेस्ट चालव.

आणि हो, ‘क्लोज-वेटमध्ये हजारो कनेक्शन अडकलीत, कर्नलमध्ये टायमर घाला’ अशी तक्रार घेऊन कुणीतरी येईलच. घालू नकोस. समोरच्याने लिहिणं थांबवलं, पण आपल्याला अजून पाठवायचं असू शकतं; अर्धं बंद कनेक्शन कायदेशीर आहे. क्लोज करायला विसरलंय ते अ‍ॅप्लिकेशन.

आता कामाचं. आधी टेस्ट, पॅकेटड्रिल या पॅकेटच्या पातळीवर टीसीपी तपासणाऱ्या टूलमध्ये. न वाचलेला डेटा असताना क्लोज. लिंगर (क्लोज करताना उरलेला डेटा पाठवायला किती थांबायचं तो पर्याय) शून्य ठेवून क्लोज. दोन्हीकडून एकाच वेळी फिन, ज्यात क्लोजिंग स्टेट येते, आणि ती फारशी कुणी तपासत नाही. लिहिण्याची बाजू बंद करून मग वाचत राहणं. या टेस्ट जुन्या कोडवर चालव आणि निकाल जपून ठेव. त्यानंतरचे पॅच नुसत्या हलवाहलवीचे असू देत, वागणूक तसूभरही न बदलणारे. वागणूक बदलायचीच असेल तर तिचा पॅच वेगळा, आणि छोटा, म्हणजे पुढे कुणी बायसेक्ट करताना, कुठल्या पॅचने बिघडलं ते शोधताना, तुला शिव्या घालणार नाही.

पहिल्या टेस्टमध्ये जुना कोड रीसेट पाठवतो की फिन, एवढं बघून मला कळव. पॅच नंतर बघू.

कळावे.