पहिल्याच जहाजाला १०४ तोफा नकोत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुतारकामाची सवय आहे, आजोळ देवगडचं, ‘व्हिक्टरी’ या जुन्या ब्रिटिश युद्धजहाजाच्या मॉडेलचा १:९८ प्रमाणाचा लाकडी किट मागवायच्या बेतात आहात, आणि मॉडेलमध्ये जास्तीत जास्त बारकावे आणायचे तर कोणतं लाकूड आणि कोणती हत्यारं घ्यावीत, हे विचारताय. दोन्ही सांगतो. पण त्याआधी तो किट थांबवा.

या नादाला लागून मला बावीस वर्षं झाली. पूर्ण झालेली जहाजं सात, अर्धवट दोन, आणि एक माळ्यावर आहे ज्याला घरात सगळे ‘केळं’ म्हणतात. त्या केळ्याकडे येतोच.

‘व्हिक्टरी’ १७६५ साली पाण्यात उतरली. तीन मजली तोफा, एकूण १०४. जहाज देखणं आहे यात वाद नाही, पण एकच काम शंभर-शंभर वेळा करायला लावणारं आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे जे उभे दोर असतात, श्राउड, त्यांच्यावर खलाशांना चढायला आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या बांधलेल्या असतात. एका बाजूला सात दोर आणि तीस पायऱ्या धरल्या तरी २१० गाठी झाल्या, आणि हा एका डोलकाठीचा एका बाजूचा नुसता खालचा टप्पा. तरीही गंमत अशी की लोक गाठींपर्यंत पोचतच नाहीत. माझ्या पाहण्यातले बहुतेक किट त्याच्या फार आधी, सांगाड्यावर फळ्या मारताना, खोक्यात परत गेलेत.

आता ‘बारकावे’ या शब्दाकडे. नवीन माणसाला वाटतं बारकावे म्हणजे वस्तूंची संख्या: जास्त तोफा, जास्त पिंपं, जास्त कंदील. बघणाऱ्याचा डोळा मात्र आधी जाडी पकडतो. कठड्याची फळी जाड झाली, दोर जाड झाला, की जहाज क्षणात खेळणं होतं, मग त्यावर कितीही पिंपं ठेवा. उदाहरण देतो. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारत. ब्रिटिश नौदलात ते साधारण चार फूट लांब नि चौदा इंच रुंद असत. १:६४ ला हा पत्रा १९ मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर रुंद येतो. किटमध्ये येणाऱ्या पत्र्यांवर खिळ्यांची डोकी म्हणून टपोरे ठिपके उठवलेले असतात. त्यातला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर खऱ्या जहाजावर तो ३२ मिलिमीटरचा झाला. म्हणजे बुडाला लिंबाएवढे खिळे! खरे खिळे ठोकून सपाट केलेले असत, दहा पावलांवरून दिसतही नसत. मी आता साधी तांब्याची चिकटपट्टी कापून लावतो, ठिपके अजिबात नाहीत. लोक तिलाच ‘किती बारीक काम’ म्हणतात.

दुसरा सापळा दोरांचा. जुन्या ब्रिटिश तक्त्यांत दोराचं माप इंचात दिलेलं असतं, ते घेराचं, व्यासाचं नव्हे. ९ इंची दोर म्हणजे व्यास पावणेतीन इंचांच्या थोडा वर. १:६४ ला त्याचा दोरा सव्वा मिलिमीटरहून थोडा बारीक हवा. माझ्या दुसऱ्या मॉडेलवर मी तोच आकडा व्यास समजून साडेतीन मिलिमीटरचा दोर चढवला होता. नाड्यांनी बांधलेलं जहाज. बायको म्हणाली, पायजम्याची नाडी उरली का?

यावर एक फुकटचा उपाय आहे. पुठ्ठ्याचा माणूस कापा. साडेपाच फुटी माणूस १:६४ ला २६ मिलिमीटर होतो, १:९८ ला जेमतेम १७. कोणताही भाग चिकटवायच्या आधी या गड्याला शेजारी उभा करा. शिडीची पायरी त्याच्या कमरेपर्यंत येत असेल, सुकाणूच्या चाकाला त्याचा हात पुरत नसेल, तर किटमधला भाग चुकलाय. किटमधले भाग चुकतात, बरेचदा चुकतात. माझा गडी गेली अकरा वर्षं टेबलावर आहे, आता एक पाय तुटलाय.

लाकूड. सगळ्यांना सागवान सुचतं, आणि आपल्याकडे ते साहजिकच आहे. पण सागाचे रेषे आणि छिद्रं मॉडेलच्या मानाने राक्षसी दिसतात, शिवाय तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. परदेशात लोक पेअरवुड आणि बॉक्सवुड वापरतात कारण त्यांचा पोत एकसारखा असतो. आपल्याकडे त्या कामाला हळदू उत्तम, काही भागांत हेद म्हणतात. फिकट पिवळं, बारीक पोताचं, धारदार कड धरतं. दुसरा काळा कुडा, ज्याची चन्नपट्टणची खेळणी होतात. जवळजवळ हस्तिदंती रंग. वखारीत विचारताना ‘फर्निचरला नको, कातकामाला हवंय’ असं सांगा, म्हणजे माणूस नीट तुकडा दाखवतो. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा फळीला फार मऊ, पण नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला सांगाड्यात जे भरीव ठोकळे बसवायचे त्यांना झकास. लाकडी खुंट्यांसाठी बांबूच्या काड्या घ्या आणि सोनार तार ओढतात त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून एकेक भोक बारीक करत ओढा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातात. आधी काड्या तपासून घ्या, भुंगा लागलेली एक काडी पुरी जहाजभर पीठ पाडते.

हत्यारांवर पैसे घालवू नका. चांगली सुरी आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, छोटा रंधा, हाताने फिरवायचा बारीक ड्रिल, सोनाराचे दोन चिमटे, कपडे वाळत घालायचे चिमटे पन्नास-साठ. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत लोहार चाळीत एका दुपारी सगळं होतं. विजेवरचं काहीही पहिल्या वर्षी नको.

आता फळ्या. इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळं जहाज इथेच घडतं किंवा बिघडतं.

सांगाडा म्हणजे मध्ये उभा कणा, ज्याला आपले कोकणातले लोक पठाण म्हणतात, आणि त्यावर आडवे बसवलेले बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे. फळी मारण्याआधी बल्कहेडच्या कडा तासून अशा करायच्या की लांब पट्टी आडवी ठेवली तर ती प्रत्येक कडेला पूर्ण टेकेल, कुठे उडी मारणार नाही, कुठे उजेड दिसणार नाही. याला दोन रविवार लागले तर लागू द्या. मग मधल्या, सगळ्यात रुंद बल्कहेडवर कागदाची पट्टी वळवून माप घ्या. समजा वरच्या जाड फळीच्या कडेपासून पठाणापर्यंत १०० मिलिमीटर आले. फळी ५ मिलिमीटरची, म्हणजे २० फळ्या. आता तेच माप नाळेला घ्या: समजा ६० आले. त्या ६० मध्येही २० फळ्याच बसवायच्या आहेत, म्हणजे प्रत्येक फळी नाळेशी ३ मिलिमीटरची हवी. एकेक फळी तिथे निमुळती करूनच चढवायची. निम्म्याहून कमी रुंदी करू नका, टोकं चुरतात. मागच्या बाजूला माप ११२ निघालं तर उलटं होतं: २० फळ्या पुरत नाहीत, १२ मिलिमीटरची फट राहते. ती पाचरीसारख्या जादा फळीने भरतात, तिला स्टीलर म्हणतात. खऱ्या जहाजावरही असंच करत, त्यामुळे तो दोष नाही.

हा हिशेब न करता जो पूर्ण रुंदीच्या फळ्या मारत सुटतो त्याच्या फळ्या नाळेजवळ एकमेकींवर चढतात आणि तो त्यांना सुरीने टोकदार कापून कोंबतो. नाळेला सगळ्या फळ्या भाल्यासारख्या टोकदार होऊन एका जागी जमलेल्या दिसल्या, की समजावं माप घेतलेलं नाही. बाजारात तयार विकायला असलेली नव्वद टक्के मॉडेलं नाळेपाशीच पकडली जातात.

आणि केळं. पहिल्या मॉडेलला मी उत्साहात उजवी बाजू पूर्ण संपवली, दोन दिवस सुट्टी होती म्हणून. ओल्या फळ्या, पाण्याचा गोंद. वाळताना सगळ्या एकदम आवळल्या आणि कणा उजवीकडे ओढला गेला. वरून बघितलं तर जहाज वळसा घेतंय. काही केलं तरी सरळ झालं नाही. म्हणून उजवीकडे एक फळी मारली की लगेच डावीकडे एक. आणि रात्रभर फळकुटावर दाबून ठेवा.

फळी वाकवायला वीस मिनिटं पाण्यात, मग गरम इस्त्रीच्या टोकावर हळूहळू. घरची इस्त्री घेऊ नका. अक्रोडाच्या लाकडाचा रंग इस्त्रीच्या तळाला बसतो आणि सोमवारी पांढऱ्या शर्टावर उतरतो. घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर मग सुरुवात कशाने? किटच हवा असेल तर मॉडेल शिपवेज या किट बनवणाऱ्या कंपनीच्या तीन छोट्या नावा आहेत: ग्रँड बँक्सची डोरी, नॉर्वेची प्राम आणि लॉबस्टर पकडणारी एक शिडाची नाव. एकापुढे एक करण्यासाठीच आखलेल्या आहेत, दुसरीच्या वेळी तुम्हाला पहिलीतल्या चुका कळतात.

पण तुमच्या जागी मी असतो तर देवगडला गेलो असतो. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. फायबरची नको, लाकडी शोधा, उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका जोडलेली, मिळाली तर सोनंच. मालकाला विचारा, चहा घ्या, आणि मग टेप, ओळंबा, दोरी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत वर दोरी ताणा, तीवर दर दोन फुटांवर खूण करा, आणि प्रत्येक खुणेला होडीची अर्धी रुंदी तीन-चार उंचींवर मोजून वहीत लिहा. एकच बाजू पुरते. २४ फुटी होडी १:२४ ला बरोबर एक फूट होते, इतका सोपा हिशेब कुठल्याही किटमध्ये नाही. आपल्या कारागिरांनी कागदावर रेघ न ओढता नजरेने या होड्या बांधल्या, त्यामुळे तुमची वही हाच त्या होडीचा पहिला आराखडा असेल. आणि त्या मालकाने मॉडेल बघून ‘नाळ अजून उचललेली होती’ असं म्हटलं तर तो कुठल्याही परीक्षकापेक्षा बरोबर असतो. माझ्या बाबतीत म्हटलं होतं. मी घरी येऊन मापं पुन्हा लावली, चार मिलिमीटरने नाळ खाली होती.

तोफांची हौस त्यानंतर, आणि तेव्हाही ‘व्हिक्टरी’ऐवजी ‘त्रिंकोमाली’ बघा. हे फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराचं युद्धजहाज, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलं. युरोपात ओकचा तुटवडा होता म्हणून काम इकडे आलं. आराखड्याची पहिली प्रत ‘जावा’ जहाजातून निघाली होती, पण १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ हरवलं, आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. पारशी रिवाजाप्रमाणे पठाणात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तोफांचा एकच बंदिस्त मजला, त्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे १:६४ ला ७१ सेंटिमीटर. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या लेडा वर्गातली असल्यामुळे तिच्या बहिणींचेही आराखडे ग्रीनिचच्या संग्रहालयात आहेत; त्यातली ‘युनिकॉर्न’ डंडीला उभी आहे. एखादा कोपरा कळला नाही तर दोन खऱ्या जहाजांचे फोटो समोर ठेवता येतात, ही सोय फार थोड्या जहाजांना आहे.

दोरांबद्दल आत्ता एवढंच: पक्के आधाराचे दोर गडद, कारण त्यांना डांबर लावलेलं असे, शिडं आणि परबाणं, म्हणजे शिडाच्या आडव्या काठ्या, हलवणारे फिकट. आणि मुंबई-कोकणाच्या हवेत सुती दोरा पावसाळ्यात ताणतो, मार्चमध्ये सैल पडतो. मी पॉलिस्टरवर आलो त्याला आठ वर्षं झाली. मे महिन्यात बांधलेल्या डेकच्या फळ्याही जुलैत फुगतात, म्हणून डेकचं काम मी दिवाळीनंतर काढतो.

शेवटचं, डोलकाठ्या उभ्या करण्याआधी कपाटाची आतली उंची मोजा. माझं पाचवं जहाज दीड वर्षाने पूर्ण झालं तेव्हा सर्वांत उंच डोलकाठी कपाटाच्या फळीपेक्षा दोन सेंटिमीटरने वर होती. ते अजून फ्रिजवर आहे, वरून प्लास्टिकचा टब पालथा.