किल्ली फिरवली, पण पंपाची घरघर नाही

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरतो, पण कधीकधी मागच्या सीटखालची इंधन पंपाची घरघर ऐकू येत नाही व गाडी सुरू होत नाही. पंप बदलावा का? – एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : एवढ्यात नको. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवताच ईसीयू (इंजिनचा संगणक) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढतो, फ्यूजमधून आलेला १२ व्होल्टचा पुरवठा रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाकडून ८७ मार्गे पंपाला मिळतो, आणि इंजिन फिरल्याचा संकेत दोन-तीन सेकंदांत न आल्यास हा पुरवठा तोडला जातो. अपघातानंतर पेट्रोल वाहत राहू नये, हाही त्यामागचा हेतू. फ्यूज पाहून, तशाच बनावटीचा हॉर्नचा रिले तिथे बसवून पाहावा. कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज असूनही पंप गप्प असेल, तर आधी अर्थिंगचा बोल्ट (पंपाची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जोडणारा) पाहावा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तो हमखास गंजलेला सापडतो.